पाटीवरचं बोट

९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर दादा मध्येच बोलतो आणि ऑफिसचा मेल नोंदीत जातो, म्हणून कागद घेतला.

तू दरवेळी माझ्या कामाचं विचारतेस आणि मी दरवेळी 'मीटिंगा' म्हणते. आज नीट सांगते. अकरा देशांनी मिळून एक निधी उभारलाय. चिप बनवायची यंत्रं भलत्या हातात जाऊ नयेत, एवढंच त्याचं काम. श्रवणयंत्रासाठी म्हणून कोणी यंत्र घ्यायचं आणि त्यावर क्षेपणास्त्राच्या चिप काढायच्या, हे होऊ द्यायचं नाही. म्हणून विकलेलं प्रत्येक यंत्र जागेवर आहे का, हे आमचे तपासनीस जाऊन बघतात. मी तिथे उपसंचालक आहे. दादाला वाटतं तशी टायपिस्ट नाही.

आम्हाला अनुभवी माणूस हवंय. चिपच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेली बाई घरात बसून कुंड्यांना पाणी घालते, हे मला बघवत नाही. काम सोपं आहे. यंत्रावर धातूची पाटी असते, तिच्यावर नंबर. नंबर आमच्या यादीशी जुळवायचा, पाटीवर बोट ठेवून फोटो काढून घ्यायचा, सही करायची. गेल्या सहा वर्षांत एकही यंत्र हरवलेलं नाही, वहिनी. सप्टेंबरात अकरा देशांची बैठक आहे, पुढच्या तीन वर्षांचा पैसा तिथे ठरतो. तुझ्यासारखी तपासनीस असली तर आमचं वजन वाढेल.

हो म्हण.

तुझी,
बेबी

२८ फेब्रुवारी

प्रिय बेबी,

हो म्हटलं, आणि तुझ्या त्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊनही आले.

हॉटेलात होतं. गालिचा इतका जाड की माझी चप्पल दोनदा आत राहिली. शिकवणाऱ्या गृहस्थांनी टाय सोडून आयुष्यात काही बांधलं असेल असं वाटत नाही. 'चिप म्हणजे साधारण अशी' म्हणून त्यांनी अंगठ्याचं नख दाखवलं. मी विचारलं, "आपण चिपचं यंत्र कधी पाहिलंय?" ते म्हणाले, "मॅडम, मी धोरणाच्या बाजूचा आहे." चाळीस माणसं होती. सगळी धोरणाच्या बाजूची. यंत्राच्या बाजूला मी एकटीच.

दुसरा दिवस 'जागरूकता' या विषयावर होता. जेवणानंतर निम्मे लोक झोपले होते. तिसऱ्या दिवशी एक बॅग दिली, तिच्यावर निधीचं बोधचिन्ह: दोन हातांच्या ओंजळीत एक चिप. कोणी उघड्या हाताने चिप अशी धरली असती तर आमच्या सुपरवायझरने त्याला त्या दिवशी घरी पाठवलं असतं. बॅग मी दादाला दिली. त्याने तिच्यात बटाटे आणले. म्हणाला, "आमची बेबी जग वाचवायला निघालीय. हिला शाळेत असताना एक छत्री कधी वाचवता आली नाही."

पण काम मला आवडेल. उगाच नाकं मुरडत बसत नाही.

तुझी,
वहिनी

२२ मार्च

प्रिय बेबी,

पहिली तपासणी झाली. गावाबाहेर एक कारखाना आहे, श्रवणयंत्राच्या चिप करतात. माझ्याबरोबर तुमच्या ऑफिसचे दोघे होते, हातात टॅबलेट घेऊन. आत धूळ जाऊ नये म्हणून घालायचा तो पांढरा सूट अंगात कसा चढवायचा तेही माहीत नव्हतं. एकाने टोपीच्या आधी मोजे हातात घेतले, दुसऱ्याने चेन मागे येईल असा सूट घातला. उंटावरून शेळ्या हाकणारी जमात! मी दोघांनाही लहान मुलांसारखं कपडे घालून दिले.

आणि मग आत गेले, बेबी. तोच पिवळा उजेड. तेच लांबट यंत्र, सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाने नक्षी उमटवणारं. मी ज्यावर एकतीस वर्षं काढली त्याची सख्खी जुळी बहीण. मला आमची सकाळची पाळी आठवली, सूटच्या आत दोन स्वेटर घालून येणारी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण आठवली. तिचे फक्त डोळे दिसायचे, आणि त्या डोळ्यांवरून मला कळायचं की आज घरी भांडण झालंय. माझ्या चष्म्यावर वाफ आली. मालक मोठे आदबशीर गृहस्थ. म्हणाले, "मॅडम, यंत्राकडे असं बघणारी माणसं आता राहिली नाहीत हो." यंत्र देखभालीसाठी त्या दिवशी बंद होतं. पाटीवर बोट ठेवलं, नंबर जुळला, फोटो झाले, सही केली.

येताना ते दोघे टॅबलेटमध्ये डोकं घालून बसले होते. मनात म्हटलं, गाढवाला गुळाची चव काय.

तुझी,
वहिनी

५ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझा अहवाल संचालकांना फार आवडला. दारात उभी राहून सूटची टोपी सारखी करतेस तो फोटो आम्ही सप्टेंबरच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर घेतोय. खाली ओळ: 'अनुभवाची नजर'. मीच सुचवली.

एक विनंती. अहवालात 'शेजारच्या टेबलावरची मैत्रीण' वगैरे लिहू नकोस. भाषांतर करणारी मुलगी रडली आणि काम एक दिवस मागे पडलं. रकान्यात 'होय' किंवा 'नाही' एवढंच.

तुझी,
बेबी

१८ जून

बेबी,

पुस्तिका मिळाली. मुखपृष्ठ बघून दादा म्हणाला, "पोतं बरं दिसतंय." मी हसले, मग चष्मा लावून पुन्हा बघितलं, आणि हसू गेलं.

नीट वाच. क्लीनरूमच्या, म्हणजे सूट घालून जायच्या त्या खोलीच्या, दाराशी जमिनीवर एक चिकट पायपुसणं असतं. म्हणजे तीस चिकट कागदांची गड्डी. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यावर नंबर छापलेला असतो, सगळ्यात वर तीस, सगळ्यात खाली एक. आत जाणाऱ्याच्या तळव्याची धूळ वरच्या कागदाला चिकटते. कागद काळा झाला की ओढून फेकायचा आणि खालचा वापरायचा. आमच्याकडे दर पाळीला एक जायचा, गड्डी दहा दिवसांत संपायची. मुखपृष्ठावर माझ्या पायाखालचा कागद कोराकरकरीत आहे आणि कोपऱ्यावर तीस आहे.

स्वतःला म्हटलं, नवी गड्डी असेल त्या दिवशी. असू शकते. पण चैन पडेना. परवा एकटीच गेले. 'फॉर्मवर एक तारीख राहिलीय' असं दारावरच्या बाईला सांगितलं. मालक नव्हते. तिने बिचारीने आत सोडलं.

कागद एकोणतीस नंबरचा होता. कोरा. म्हणजे आमच्या पायांनी मळलेला तिसावा त्यांनी काढून टाकला, आणि त्यानंतर जवळजवळ तीन महिन्यांत त्या खोलीत कोणी पाऊल टाकलेलं नाही.

यंत्राच्या कुशीला हात लावला. थंडगार. टिचकी मारली तर रिकाम्या डब्यासारखा आवाज. बाजूचा पत्रा नाण्याने उघडला. आत वजनाला सिमेंटच्या विटा ठेवल्यात. पाटी खरी आहे, नंबर खरा आहे, खाली माझी सही खरी आहे. यंत्राची कातडी तिथे आहे, यंत्र नाही.

मी त्या दोन पोरांना हसत होते. त्यांना निदान माहीत नव्हतं. मला माहीत असून दिसलं नाही, कारण मी जुन्या मैत्रिणीचे डोळे आठवत बसले होते. तुमचा फॉर्म मूर्ख आहे, पण मी त्याहून मूर्ख.

माझी सही मला परत घ्यायचीय. आणि ते यंत्र ताबडतोब शोधायला हवं. काय करू, कळव.

वहिनी

२६ जून

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. हे तुम्ही मेलवर पाठवलं नाहीत, एवढा पोच दाखवलात याबद्दल आभार.

पायपुसण्याच्या कागदावरून अकरा देशांचा निधी मोडायचा? तुम्ही एकतीस वर्षं भिंगाखाली धूळ बघितलीत, त्यामुळे जगात धुळीखेरीज काही असतं हे तुम्हाला दिसत नाही. सप्टेंबरात मला बारा मिनिटं मिळतात. त्या बारा मिनिटांत दाखवण्यासारखा आमच्याकडे एकच आकडा आहे, तो म्हणजे शून्य. सहा वर्षं, शून्य यंत्रं गहाळ. तो गेला की पैसा गेला, आणि पैसा गेला की उरलेल्या शेकडो यंत्रांवर कोणाचंच लक्ष राहणार नाही. एका यंत्रासाठी तुम्हाला ते चालेल का?

शिवाय फॉर्मवर सही करायची जागा आहे, परत घ्यायची नाही. बैठक होऊ द्या, ऑक्टोबरात शांतपणे बघू.

तुमचं वय सदुसष्ट. मागच्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. उद्या कोणी हे पुढे आणलं तर मला अडवता येणार नाही. तुमच्याच भल्यासाठी सांगते.

बेबी

४ जुलै

बेबी,

'तुम्ही' वाचून दाखवल्यावर तुझ्या दादाने दाराकडे बघितलं, घरात आणखी कोण आलंय म्हणून.

आमच्या शाळेतल्या सिस्टर चुकलेली बेरीज खोडू द्यायच्या नाहीत. चुकीवर पट्टीने एक सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर उत्तर लिहायचं आणि आपलं नाव. जागा नसली तर समासात. मी तसंच केलंय. सही परत घेत असल्याचं पत्र सोबत आहे, यंत्राच्या नंबरासकट. ते संचालकांच्या टेबलावर ठेव. ऑगस्ट संपेपर्यंत ठेवलं नाहीस, तर अकराही देशांना मी स्वतः पाठवीन. पोस्टाची तिकिटं आणून ठेवलीत.

माझे डोळे आता तुझ्याहून चांगले आहेत. डॉक्टरांचा दाखला हवा असेल तर तोही पाठवते.

आणि एक सांग. घरातली एक खोली जळत असताना 'बाकीच्या खोल्या छान आहेत' असं सांगून पाहुण्यांकडून आहेर घ्यायचा, हे तुला कोणी शिकवलं? आमच्याकडे तर नाही शिकलीस.

वहिनी

२ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

इतके दिवस लिहिलं नाही, रागावली असशील. पण बातमी ऐकलीस की राग पळेल.

तुझं पत्र मी ऑगस्टभर उशाशी घेऊन झोपले. शेवटच्या दिवशी संचालकांच्या टेबलावर ठेवलं, त्याची पोचपावती तुला मिळालीच. मग बैठकीत, माझ्या बारा मिनिटांत, आकडे बाजूला ठेवले आणि ते पत्रच वाचून दाखवलं! विटा, नाण्याने उघडलेला पत्रा, एकोणतीस नंबर. एका देशाचे प्रतिनिधी उभे राहून म्हणाले, "हे इतकं सोपं असेल तर आपण झोपलो होतो." वहिनी, निधी तिप्पट झाला! शून्यापेक्षा एक हा आकडा एवढा ताकदवान असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. संचालकांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. त्यांची प्रकृती उत्तम आहे. त्यांच्या जागी मी.

पायपुसण्याच्या कागदाचा नंबर आता फॉर्ममध्ये घातलाय, कलम सतरा. तुला 'मुख्य सल्लागार' करायचंय. वसंतात तुझा सत्कार आहे, दादालाही घेऊन ये, भाडं आम्ही देऊ. जूनमधलं माझं पत्र फाडून टाक हं. तेव्हा मी घाबरले होते.

(समासात) माझ्या नव्या खोलीला चार खिडक्या आहेत!

तुझीच,
बेबी

११ ऑक्टोबर

प्रिय बेबी,

अभिनंदन. दादाने शेजाऱ्यांना सांगून झालं, 'टायपिस्ट नाही, संचालक.'

पत्र तीनदा वाचलं. पैसा किती आला ते आहे, कोण उभं राहिलं ते आहे, तुझ्या नव्या खोलीला किती खिडक्या आहेत तेही समासात आहे. एक गोष्ट सापडली नाही.

यंत्र कुठे आहे?

वहिनी

२० ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तुझा प्रश्न रास्त आहे, पण तुला आमच्या कामाची चौकट कळलेली नाही. निधी संरक्षणासाठी आहे. जे गेलं त्याचं संरक्षण कसं करणार? गहाळ झालेली वस्तू शोधणं आमच्या नियमावलीत येत नाही. ते येण्यासाठी मी एक उपसमिती नेमली आहे, सात सदस्यांची. तिची पहिली बैठक फेब्रुवारीत आहे. त्या कारखान्याचं नाव यादीतून काढलं आहे, मालकाला कडक पत्र पाठवलं आहे. ते पत्र 'पत्त्यावर कोणी नाही' म्हणून परत आलं.

सत्काराला कोणत्या रंगाची शाल आवडेल?

तुझी,
बेबी

३ नोव्हेंबर

बेबी,

बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणतात. तुम्ही झोपाही नाही केलात. झोप्यासाठी वर्गणी काढलीत.

तुझ्या सात सदस्यांचे कष्ट वाचवते. त्या यंत्राच्या पोटात एक दिवा असतो. नक्षी उमटते ती त्याच्या प्रकाशाने. यंत्र रात्रंदिवस चाललं तर दोन-अडीच महिन्यांत दिवा मरतो, नवा घालावाच लागतो. आमचं मॉडेल इतकं जुनं की त्याचे दिवे आता फक्त दोन ठिकाणी बनतात. एका ठिकाणी माझ्याबरोबर काम केलेला आमचा दिवेवाला आहे. निवृत्त झाला तरी मुलाच्या कारखान्यात रोज जाऊन बसतो. त्याला फोन केला. पहिली दहा मिनिटं त्याच्या गुडघ्यांवर गेली. मग विचारलं, "या वर्षी नवं गिऱ्हाईक कोणी?" म्हणाला, "ताई, एकच. फेब्रुवारीपासून चार दिवे नेलेत. कागदावर छापखाना म्हणतात. मी म्हटलं, छापखान्याला हा दिवा? तर म्हणे बारीक अक्षरं छापतो."

पत्ता सोबत आहे. सीमेपलीकडच्या बंदरातलं गोदाम. दिवेवाल्याने बिलांच्या प्रती दिल्यात, त्याही सोबत आहेत. हे काम करायला मला एक फोन आणि एक दुपार लागली. तू संचालक आहेस. तुझ्या एका पत्रावर तिथलं जकात खातं उद्या दार उघडायला लावेल. सत्कार नको, शाल नको, हे एक पत्र लिही. आजच.

वहिनी

१७ नोव्हेंबर

विषय: आपले दि. ३ नोव्हेंबरचे पत्र

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपले पत्र व सहपत्रे या कार्यालयास प्राप्त झाली असून ती उचित कार्यवाहीस्तव उपसमितीकडे वर्ग करण्यात आली आहेत. उपसमितीची बैठक फेब्रुवारीत नियोजित आहे. आपल्या सहकार्याबद्दल निधी आपला ऋणी आहे.

संचालक

(खाली शाईने) वहिनी, फेब्रुवारीपर्यंत कळ काढ. यंत्र शोधायला म्हणून पैसा मागितलाय, त्यातला पहिला हप्ता जानेवारीत येतो. त्याआधी ते एका फोनवर सापडलं तर 'मग तिप्पट कशाला?' असं विचारतील. अकरा देश पुन्हा असे एकत्र येणार नाहीत. मी खरंच चांगल्यासाठी करतेय. बे.

६ डिसेंबर

प्रिय बेबी,

मी कळ काढली नाही. तुझं ऑफिसचं पत्र हातात पडायलाच एक तारीख उजाडली. तुझी शाई वाळलेली बघितली त्याच दिवशी बंदराच्या जकात कार्यालयाला बिलांच्या प्रती घेऊन गेले. बसने अकरा तास. दादा बरोबर होता, वाटेत त्याने तुझं नाव एकदाही काढलं नाही. तिथे एक अधिकारी बाई होत्या, सर्दी झालेल्या, टेबलावर फायलींचा ढीग. त्यांनी बिलं बघितली, मला एकच विचारलं, "तुम्ही यंत्र ओळखाल?" आणि गाडी मागवली. नियमावली काढली नाही.

यंत्र तिथे होतं. चालू होतं. दाराशी चिकट कागद काळेकुट्ट झालेले होते. दोन तंत्रज्ञ सूट घालून काम करत होते, नीट घातलेला सूट. मी पत्र्याला हात लावला तर ऊब होती. चकत्या ठेवायच्या पेट्या मात्र रिकाम्या. आदल्या आठवड्यात माल गेला, असं वहीत निघालं. कुठे, ते कोणाला सांगता आलं नाही.

बेबी, मी नोव्हेंबरच्या तीन तारखेला तुला लिहिलं. माल अठ्ठावीसला गेला. मध्ये पंचवीस दिवस होते. त्या चकत्यांतून काय निघालं, ते कशात बसवलं गेलं आणि कोणाच्या डोक्यावर पडेल, हे मला कधी कळणार नाही. त्यात मार्चमधली माझी सही आहे. ती मी कबूल केलीय, त्यांच्या कागदावर, तारखेसकट.

काल तुमच्या ऑफिसचं प्रसिद्धीपत्रक वाचलं, 'निधीच्या दक्षतेमुळे यंत्र हस्तगत'. शेजारी तुझा फोटो. छान आलाय.

जकातीच्या बाईंनी विचारलं होतं, "निधीला तुम्ही केव्हा कळवलंत?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "लेखी आहे?" मी म्हटलं, "आमच्या घरात सगळं लेखी असतं." काल दादाने कपाट उघडून तुझी पत्रं काढली, जूनचंही, तारखेप्रमाणे लावली आणि माझ्यापुढे ठेवली. बहीण तुझी आहे, बोल काही, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "तूच वाढवलीस तिला. तूच लिही."

अकरा पाकिटं तयार आहेत, एकेका देशाला एक. प्रत्येकात तुझ्या सगळ्या पत्रांची प्रत, सतरा नोव्हेंबरचं शाईसकट. तुझं पद जाईल. तिप्पट पैसाही कदाचित जाईल, आणि लोक म्हणतील, घरच्याच बाईने केलं. म्हणोत. मी ती सोमवारी टाकणार आहे. हे पत्र आज टाकते, म्हणजे तुला शनिवारी मिळेल.

मी या घरात आले तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. तुझ्या केसांत कायम गुंता. फणी लावली की तू घर डोक्यावर घ्यायचीस, म्हणून मी आधी सांगायचे, गपचूप कधी ओढलं नाही.

आता दुखेल, बेबी.

तुझी,
वहिनी